बिछायतीपासून झुंबरापर्यंत: मराठी दरबाराच्या दालनाची ओळख

भिवंडीत दाखवायला राजवाडा नाही. पाहुणा आला तर त्याला लूम दाखवावेत, गोदामं दाखवावीत, फार तर लोनाडची लेणी. तरीही राजदरबाराच्या दालनांवरचं हे पुस्तक भिवंडीत जुळून आलं, त्याला कारण आहे. शहराजवळून जाणारा मुंबई–आग्रा रस्ता नकाशावर बोटाने धरत गेलं की मराठी दरबार एकामागून एक भेटत जातात. नाशिक ओलांडलं की चांदवडचा होळकरांचा रंगमहाल. मालेगाव तालुक्यातलं कवळाणा. तिथला गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव झाला. नर्मदेपाशी वाट थोडी वाकडी केली तर महेश्वर. पुढे इंदूरचा राजवाडा, देवासच्या पवारांची थोरली आणि धाकटी पाती, ग्वाल्हेरचा जयविलास. आणि रस्ता जिथे संपतो त्या आग्र्याच्या किल्ल्यातलं ते दालन, जिथे १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराजांना जसवंतसिंहाच्या मागच्या रांगेत उभं केलं गेलं.

आग्र्याचा तो प्रसंग आपल्याला स्वाभिमानाची कथा म्हणून पाठ आहे. दालनाच्या अंगाने मात्र तो क्वचितच वाचला जातो. मोगल दरबारात बादशहापासूनचं अंतर म्हणजेच दर्जा. कोणी कोणत्या कठड्याच्या आत यायचं, कोणी बाहेर थांबायचं, कोणाच्या पुढे कोण, हे सगळं आधी ठरलेलं. माणसाची किंमत त्याच्यापुढे किती पाठी दिसतात यावरून कळत असे. महाराजांना ते दालन वाचता येत होतं, म्हणूनच अपमान तत्क्षणी कळला. तिथे कोणी वावगा शब्द उच्चारायची गरजच नव्हती, जागेनेच ते काम केलं होतं.

या पुस्तकाचा पाया तिथे आहे. दरबाराचं दालन हे आधी माणसं मांडण्याचं साधन आहे आणि मग शोभेचं. खांब, कमानी, झुंबरं, आरसे, चित्रं ही सगळी त्या मांडणीला धरून येतात. मराठी दरबारांपुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट जोडावी लागते: ही मांडणी मुख्यतः कापडाने केली जात असे. बिछायत, गादी, लोड, तक्के, पडदे, चांदवा, कनात. कापड कुजतं, जळतं, उंदीर खातात, फाटलं की त्याचं पोतेरं होतं. दगड आणि काच मागे उरतात. उरलेल्यावरून आपण इतिहास लिहितो आणि मग आपल्याला वाटतं की दरबार म्हणजे झुंबर. कापडाच्या गावात राहणाऱ्यांना ही चूक जरा लवकर दिसते, एवढंच.

या विषयावर आजवर काम झालेलं नाही असं नाही. झालं आहे ते वेगवेगळ्या खोल्यांत बसून. वास्तूचे अभ्यासक खांब आणि कमानी मोजतात. इतिहासाचे अभ्यासक त्या दालनात झालेले तह आणि खलबतं वाचतात. जुन्या वस्तूंचे जाणकार काच आणि चांदी ओळखतात. वस्त्रांचे अभ्यासक संग्रहालयाच्या पेटीत घडी घालून ठेवलेला तुकडा पाहतात. तो तुकडा जमिनीवर होता की छताला, हे त्यांना बहुतेकदा विचारताच येत नाही. नवख्या वाचकासाठी हे सगळं एकत्र ठेवणं हा या संग्रहाचा पहिला हेतू आहे.

सुरुवात अजिंठ्यापासून करावी. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाची चित्रं आहेत, पाचव्या शतकाच्या अखेरची. त्यांतला राजा बारीक खांबांच्या मंडपात बैठ्या आसनावर बसला आहे, टेकायला उशा आहेत, भोवती चवऱ्या घेतलेल्या स्त्रिया आहेत. त्या चित्रांतली वास्तू साधी आहे. नजर खिळते ती कापडावर, पट्ट्यापट्ट्यांच्या आणि नक्षीच्या विणीवर. चित्रकाराने खांब झटपट उरकले आणि वस्त्रांवर वेळ घालवला, हे उघड दिसतं. आमच्या तालुक्यातल्या लोनाडच्या खंडेश्वरी लेण्यात ओसरीच्या टोकाला कोरलेला राजाचा प्रसंग त्याच परंपरेतला: बसलेला राजा आणि त्याच्याभोवती दाटलेले सेवक. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने मानसोल्लास सिद्ध केला. राजाच्या वीस भोगांत त्याने आसनभोग, चामरभोग आणि आस्थानभोग यांना स्वतंत्र जागा दिली. आस्थान म्हणजे राजसभा. सभा भरवणं हीच एक उपभोगाची, म्हणजे काळजीपूर्वक रचायची गोष्ट आहे, हे त्याने नऊशे वर्षांपूर्वी मांडलं.

दख्खनच्या सुलतानी काळात दरबार उघड्यावर आला. विजापूरचा गगन महाल १५६१ च्या सुमाराचा. त्याची मधली कमान साठ फुटांहून रुंद आहे. सुलतान आत, रयत आणि सरदार समोरच्या मैदानात. इमारत म्हणजे जणू एक भली मोठी चौकटच. शहाजीराजे ज्या जगात वावरले ते हे जग.

रायगडची राजसभा या वाटेवर पुढे येते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४. राज्याभिषेकाला हजर असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन याने सिंहासनाभोवती जे पाहिलं ते नेमकं टिपून ठेवलं आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवर चिन्हं लावलेली होती: उजव्या बाजूला मोठ्या दातांची माशांची दोन मस्तकं, डाव्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल तागडी, न्यायाची खूण म्हणून. दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन घोडे. हे हत्ती गडावर चढवले तरी कसे, याचं त्याला नवल वाटलं. सभासदाने बखरीत बत्तीस मण सोन्याचं सिंहासन सांगितलं, ते आपल्या तोंडी रुळलं आहे. ऑक्झेंडनच्या नोंदीचं मोल वेगळं आहे. मत्स्यचिन्ह मोगलांच्या माहीमरातबातून ओळखीचं, अश्वपुच्छं मध्य आशियातून आलेली, तागडी न्यायाची. त्या काळी सत्तेची जी जी भाषा पाहुण्याला कळत होती, ती सगळी त्या एका आसनाभोवती लावली होती, आणि मध्ये मंत्रघोषात अभिषिक्त झालेला छत्रपती होता. सजावट म्हणजे मिरवणं असं मानणाऱ्याने ही नोंद दोनदा वाचावी.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडावर आग लागली आणि वाडे जळाले. आज राजसभेत चौथरा, दगडी पाये आणि मोकळं आभाळ आहे. नगारखान्याच्या दारातून कुजबुजलेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं, हे गडावर हौसेने करून दाखवतात. त्या जागी एके काळी काय अंथरलं होतं, हे विचारणारा पर्यटक मात्र विरळा.

मराठी दरबाराला आणखी एक मूळ आहे आणि ते छावणीत आहे. वर्षातले आठ महिने जे राज्य घोड्यावर असे, त्याचा दरबारही तंबूतच भरणार. डेरे, राहुट्या, कनाती, शामियाना हे सगळं उंटांवर आणि हत्तींवर लादून चाले आणि मुक्काम पडला की संध्याकाळपर्यंत दालन उभं राही. कनातीने हद्द ठरे, बिछायतीने दर्जा ठरे, छताने मध्य ठरे. शिवकालीन राज्यव्यवस्थेतल्या अठरा कारखान्यांत फरासखाना होता तो याच कामासाठी. पुण्यात शनिवारवाड्यापासून जवळच त्या खात्याचं नाव आज एका पोलीस ठाण्याला उरलं आहे. अधिकार देण्याची रीतही कापडाचीच होती. साताऱ्याहून छत्रपती पेशवाईची वस्त्रं देत, ती अंगावर आली की माणूस पेशवा. मुकुट नाही, तलवारीचा स्पर्श नाही; शेला, पागोटं, अंगावरचं वस्त्र.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. त्या पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये असा सांगतात. पुढे नानासाहेबांच्या काळात गणपती रंगमहाल झाला. तो कसा होता हे पाहायचं तर थॉमस डॅनियलने १८०५ च्या सुमाराला, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून रंगवलेलं चित्र पाहावं लागतं. सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट तह घेऊन आला आहे, साल १७९०. लांबट दालन, दोन्ही अंगांना कमानींनी जोडलेल्या खांबांच्या रांगा, टोकाच्या भिंतीवर गजानन. आणि सगळा दरबार खाली बसलेला, कोटातले इंग्रजही. खुर्ची नाही, मेज नाही. पांढऱ्या बिछायतीवर जो काही रंग आहे तो पागोट्यांचा आणि शेल्यांचा. या दालनात माणसं हीच सजावट आहे. ती उठून गेली तर मागे लाकूड आणि पांढरं कापड उरेल.

अशी बैठक घालणं हे कसबी काम होतं. आधी जमीन झाडून सतरंज्या, त्यावर जाजम, त्यावर पांढरी चादर सुरकुती न ठेवता ताणायची आणि कोपऱ्यांवर जड मीरफर्श ठेवायचे, म्हणजे ती सरकत नाही. मध्ये किंवा टोकाला गादी, तिच्या पाठीशी लोड, अंगाला तक्के आणि गिरद्या. गादीची उंची बाकीच्या जमिनीपेक्षा चारच बोटं जास्त, पण त्या चार बोटांसाठी घराणी भांडली. मुख्य माणूस गादीवर. मानकरी गादीच्या जवळ. बाकीचे अंतराअंतराने बिछायतीवर. चोपदार, हुजरे, भालदार कडेला उभे. ज्याचं काम पायरीपाशीच संपतं तो उघड्या जमिनीवर. दालनात शिरणाऱ्याला पाटी वाचावी लागत नसे. पायाखाली काय लागतंय यावरून आपण कुठवर आलो आणि कुठे थांबायचं, हे कळे.

खाली बसण्याचा परिणाम वर छतापर्यंत जातो. वाड्यातल्या खिडक्यांचे उंबरे जमिनीलगत असतात, कारण बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसलं पाहिजे आणि वारा लागला पाहिजे. सुरूच्या खांबांचं कोरीवकाम, महिरपींचा बाक, लाकडी तख्तपोशी हे सगळं खालून वर पाहणाऱ्या डोळ्यासाठी आहे. समया आणि शमादानं बैठकीच्या उंचीवर, म्हणून चेहरे खालून उजळत. भिंती बऱ्याचदा मोकळ्या, कोनाड्यांच्या, आणि चित्रं असलीच तर ती भिंतीवरच रंगवलेली, जशी मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात किंवा चांदवडच्या रंगमहालात. अहिल्याबाईंची महेश्वरची राजगादी ही या शैलीची सर्वांत साधी आणि म्हणून सर्वांत ठाम आवृत्ती: पांढरी गादी, लोड, समोर देव. ज्या बाईने काशीपासून रामेश्वरापर्यंत बांधकामं केली, तिने स्वतःच्या दरबारापुढे खांबांचा थाट मांडला नाही. आणि तिच्याच गावात मागाला मान मिळाला. महेश्वरी लुगडं आज जगात जातं.

दक्षिणेतली शाखा निराळी. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे तंजावरला गेले आणि नायकांचा राजवाडा भोसल्यांच्या हाती आला. तिथल्या दरबार दालनात चुन्याच्या गिलाव्यातलं उठावाचं काम आहे, भडक रंगवलेले खांब आहेत, देवादिकांची दाटी आहे. गादी मराठी, भोवतालचं अंग तमिळ. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, त्यात युरोपही आला: खुद्द राजांचा संगमरवरी पुतळा लंडनच्या फ्रान्सिस चँट्रीने घडवला. याच राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. एका दालनात तीन जगं नांदू शकतात, याचा हा दाखला.

मराठी मुलखात मोठी उलथापालथ झाली ती १८१८ नंतर, आणि तिचं मुख्य हत्यार खुर्ची होतं. रेसिडेंटसाहेब मांडी घालून बसायला तयार नव्हते. साहेब खुर्चीवर आणि महाराज गादीवर, तर महाराज खाली दिसणार. मग महाराजांनाही उंच आसन, मग सरदारांनाही खुर्च्या, मग खुर्च्यांच्या रांगा आणि रांगांवरून वाद. डोळा दीड हात वर गेला की सगळं दालन बदलतं. खिडकी वर सरकते. भिंतीचा मधला पट्टा डोळ्यासमोर येतो आणि तिथे चौकटीतली तैलचित्रं टांगायला जागा होते. उजेड वरून यायला लागतो, म्हणून झुंबरं. जमीन बसायची राहत नाही, ती चालायची होते, बुटांनी.

या नव्या पर्वाची तीन ठळक उदाहरणं आहेत. ग्वाल्हेरचा जयविलास जयाजीराव शिंद्यांनी मायकेल फिलोजकडून बांधवून घेतला, १८७४ मध्ये. त्याच्या दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांचं वजन प्रत्येकी साडेतीन टन. छत पेलेल की नाही हे पाहण्यासाठी हत्ती वर चढवले होते, अशी कथा तिथे ऐकायला मिळते. कोल्हापूरचा नवा राजवाडा १८८४ चा, मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावरचा. त्याच्या दरबार हॉलच्या रंगीत काचांत शिवचरित्राचे प्रसंग आहेत: तंत्र गिरजाघराचं, कथा आपली. बडोद्याचा लक्ष्मीविलासही मँटनेच आखला. १८८१ मध्ये तो गेल्यावर रॉबर्ट चिझमने काम पुढे नेलं आणि १८९० मध्ये राजवाडा तयार झाला. तिथे व्हेनिसच्या धर्तीची मोझेइकची जमीन, रंगीत काचा, फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पं आणि स्त्रियांना आडोशातून दरबार पाहता यावा म्हणून नक्षीदार सज्जे. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याला पौराणिक विषयांची चौदा चित्रं सांगितली, ती याच राजवाड्यासाठी. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याची देवादिकांची चित्रं चाळीतल्या भिंतींवर पोचली. दरबाराची भिंत सामान्य घरात शिरली, ती अशी.

तरीही कापड हटलं नाही. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमाराला बसऱ्याच्या लाखो मोत्यांनी भरलेला गालिचा करवून घेतला, मदिनेला अर्पण करण्याच्या इच्छेने. तो तिकडे गेलाच नाही आणि २००९ मध्ये दोहाच्या लिलावात विकला गेला. त्याच घराण्याच्या लक्ष्मीविलासात दरबार हॉलखेरीज गादी हॉल आहे; २०१२ मध्ये समरजितसिंहांचा राजतिलक झाला तो तिथे, मोझेइकच्या जमिनीवर नाही. पाहुण्यांसाठी एक दालन, परंपरेसाठी दुसरं. कोल्हापूरला तर दसऱ्याचा सोहळा आजही चौकात, शामियान्याखाली होतो.

खुर्चीच्या युगात माणसं मांडण्याचं सूत्र साहेबाच्या हाती गेलं. कोणाला किती तोफांची सलामी यावर दालनाचा डौल ठरू लागला: बडोदा आणि ग्वाल्हेर एकवीस, कोल्हापूर एकोणीस, सावंतवाडी आणि जव्हार नऊ. त्या व्यवस्थेला १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सयाजीरावांनी एकदाच मान झुकवून, पाठ फिरवून जो धक्का दिला, त्याची चर्चा लंडनपर्यंत गेली. आग्र्याला जागेने अपमान केला होता. दिल्लीला एका मराठी राजाने जागेचे नियम मोडले.

छोट्या संस्थानांचे दरबार या इतिहासात तळटिपेपुरते येतात, ते इथे मुद्दाम पुढे आणले आहेत. सावंतवाडीच्या राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी गंजिफाची मरू घातलेली कला पुन्हा उभी केली. राजा जिथे बसे तिथे कारागीर बसले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी, जे स्वतः चित्रकार होते, १९३९ मध्ये राज्यकारभारच प्रजेच्या हाती दिला. आणि भिवंडीहून वाड्यामार्गे गाठता येणारं जव्हार, मुकण्यांचं आदिवासी संस्थान. तिथला जयविलास युरोपीय वळणाचा आहे. पण त्याच डोंगरातल्या वारली घरात लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात, मध्ये पालघट देवी बसते आणि लग्न लावणारी धवलेरी गाते. एका खोलीचं एका दिवसापुरतं समारंभाच्या दालनात रूपांतर होतं. राजवाडा परका असू शकतो, समारंभाची खोली रचायची समज परकी नसते.

हे सगळं लिहिताना दाराबाहेर राहिलेल्यांना विसरून चालणार नाही. बिछायत जशी जवळ घेते तशी दूरही ठेवते. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं, राजवाड्यात सरकारी कचेऱ्या आणि शाळा आली. त्या राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. साताऱ्याच्या शालेय दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे जे लिहिलं आहे, त्यात बसायच्या गोणपाटाचा उल्लेख आहे: ते वेगळं, कोपऱ्यात टाकलेलं, शिपाई शिवणार नाही म्हणून रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. या पुस्तकात बिछायतीचं कौतुक आहे. पण गादीच्या चार बोटांचा हिशेब ज्या समाजाने केला, त्यानेच ते गोणपाटही वेगळं काढलं. दोन्ही एकाच कारखान्यातले नियम आहेत.

मग हा विषय आत्ताच का? तनखे १९७१ मध्ये बंद झाले, राजवाड्यांची संग्रहालयं आणि हॉटेलं झाली, तेव्हाच तो संपला असं वाटू शकतं. घडतंय नेमकं उलट. मुंबईच्या राजभवनात नवा दरबार हॉल ११ फेब्रुवारी २०२२ रोजी उघडला, साडेसातशे माणसं बसतील असा. राष्ट्रपती भवनातल्या दरबार हॉलचा २५ जुलै २०२४ रोजी गणतंत्र मंडप झाला. आमच्या तालुक्यात मराडेपाड्याला १७ मार्च २०२५ रोजी शिवाजी महाराजांचं मंदिर उघडलं, तटबंदी, बुरूज आणि महाद्वारासह, मूर्ती अरुण योगीराज यांची. आणि ११ जुलै २०२५ रोजी रायगडासह बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता जतनाचा पैसा येईल, पुनर्रचनेचे आराखडे येतील, प्रकाशयोजना येतील. दगडाचं काय करायचं हे सांगणारे तज्ज्ञ आहेत. त्या दगडावर काय अंथरलं जाई, हे सांगणारं कोण आहे?

दुसरीकडे लग्नाचे हॉल आहेत. वर-वधू आज कोरीव पाठीच्या, सोनेरी मुलाम्याच्या सोफ्यावर बसतात, मागे सॅटिनचे पडदे आणि झालरी, वर काचेचं झुंबर, खाली लाल पायघडी. मंडपवाला हे सगळं दुपारी उभं करतो आणि रात्री दोनला उतरवून टेम्पोत भरतो. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. फरासखान्याचं काम आज जिवंत आहे ते यांच्याच हातांत: बांबूला कापड कसं बांधायचं, चुण्या कशा पडतात, छताचा झोळ कसा टाळायचा, पाहुण्यांत पुढच्या रांगेत कोण. भिवंडीच्या लूमवरून उतरणारं कोरं कापड रंगाई-छपाई होऊन कुठल्या मंडपात पोचतं याचा माग आम्ही काढू शकलो नाही, पण त्या जगाशी बोलल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही, एवढी खूणगाठ मात्र बांधली. म्हणून या संग्रहात अभ्यासकांच्या बरोबरीने मंडप उभारणारे आणि विणणारेही आहेत.

पुस्तकाची रचना घराण्यांच्या क्रमाने केलेली नाही. आधी जमीन, मग आसन, मग भिंत, मग छत आणि शेवटी उजेड, असा खालून वर जाणारा क्रम ठेवला आहे. त्यामुळे रायगड आणि बडोदा एकाच पानावर भेटतात, तंजावरचा गिलावा आणि कोल्हापूरची काच शेजारी येतात. त्याचा तोटाही आहे: एखाद्या राजवाड्याची सलग हकीकत ज्याला हवी, त्याला पानं मागेपुढे करावी लागतील. प्रत्येक लेखकाला एकच अट होती. दालनातली वस्तू सांगितली, की तिच्याजवळ कोण बसे आणि कोणाला तिथे मज्जाव होता, तेही सांगायचं. ज्या दालनांविषयी भरवशाची साधनं नाहीत, तिथे कल्पनेने रंग भरलेले नाहीत. लेखकांत मतभेद आहेत, विशेषतः युरोपीय प्रभावाला अनुकरण म्हणावं की उसनवारी की राजकारण यावर. ते मिटवलेले नाहीत.

वाचकाकडून एक अपेक्षा आहे. दरबार हॉल पाहायला जाल तेव्हा दोरीच्या अलीकडे का होईना, एकदा खाली बसून पाहा. खिडक्या, खांब, छत यांची मापं अचानक जुळू लागतील. ज्या दालनात जुळणार नाहीत, ते खुर्चीनंतरचं आहे असं खुशाल समजा. आणि घरात, देवळात, जुन्या वाड्याच्या माळ्यावर ट्रंकेत एखादी जाजम, लोडाचा अभ्रा, चांदव्याचा तुकडा असेल तर तो टाकण्याआधी त्याची लांबी-रुंदी, वीण, रंग आणि तो कोणत्या प्रसंगी, कोणासाठी काढला जाई, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. राजवाड्यांच्या नोंदी सरकारदरबारी सापडतात. बिछायतीच्या नोंदी अशा घरांतूनच मिळतील, आणि या पुस्तकाचा पुढचा भाग त्यांच्यावर अवलंबून आहे.

— संपादक, भिवंडी